शितावरून शिट्टीवर : प्रेशर कुकर आणि त्याची निगा

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण ज्या स्वयंपाकघरात जन्मली, तिथे भांड्यावरचं झाकण केव्हाही उचलता येत होतं. आधण ठेवायचं, पाणी खळखळलं की तांदूळ वैरायचे, भात उतू जाऊ लागला की झाकण तिरकं करायचं आणि पळीच्या टोकावर एक शीत घेऊन ते बोटांत दाबून पाहायचं. कणी लागली तर आणखी थोडा वेळ, नाही लागली तर पेज वेळून काढायची आणि पातेलं निखाऱ्यावर ओढायचं. डाळीचंही तेच. पळीने डाळ वर घ्यायची आणि दाणा मोडला का ते पाहायचं. रांधणारीचे डोळे, नाक आणि बोटं शिजणाऱ्या अन्नाच्या सतत संपर्कात असत.

प्रेशर कुकरने ही परीक्षा बंद केली. झाकण एकदा लागलं की आतलं दिसत नाही, ढवळता येत नाही आणि मनात आलं तरी उघडता येत नाही. मराठी स्वयंपाकघराच्या इतिहासात चुलीकडून स्टोव्हकडे आणि स्टोव्हकडून गॅसकडे झालेल्या बदलांबद्दल बरंच बोललं जातं. न उघडता येणारं भांडं रोजच्या वापरात येणं हा बदल मात्र तितका मोजला जात नाही. गेली काही वर्षं मी कुकरबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका, जुन्या मासिकांतल्या जाहिराती आणि साठ-सत्तरच्या दशकांत संसाराला लागलेल्या बायकांच्या आठवणी जमवते आहे. त्या वाचता-ऐकताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. पिढ्यान् पिढ्या झाकण उचलून रांधणाऱ्या बायकांनी या बंद भांड्यावर विश्वास कसा ठेवला? माझं उत्तर असं, की भांडं कारखान्यात तयार झालं, विश्वास मात्र घरात तयार झाला. त्यामागे रोजची निगा होती, आणि त्या निगेची नोंद फारशी कुणी ठेवली नाही.

हाडं मऊ करणारं यंत्र

या भांड्याचा मूळपुरुष देनी पापँ हा फ्रेंच संशोधक. जन्म १६४७ चा, फ्रान्समधल्या ब्लवा गावचा. पॅरिसमध्ये ख्रिस्तियान हायगेन्स आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल अशा दोन मोठ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्याने काम केलं. १६७९ साली त्याने आपलं 'डायजेस्टर' म्हणजे पचवणारं यंत्र तयार केलं. जाड धातूचं भांडं, घट्ट आवळलेलं झाकण आणि आत कोंडलेली वाफ. हाडंसुद्धा त्यात मऊ होत. टाकून दिलेल्या हाडांतलं सत्त्व गरिबांच्या पोटात जावं, हा त्यामागचा विचार होता.

कोंडलेली वाफ भांडं फोडू शकते हे पापँच्या लक्षात आलं होतं. त्यावर त्याने काढलेला उपाय कुकरइतकाच महत्त्वाचा आहे. झाकणाला एक लहान भोक, त्यावर झडप आणि झडपेवर तरफेच्या टोकाला टांगलेलं वजन. आतला दाब वजनापेक्षा जास्त झाला की झडप उचलली जाते, वाफ निघते आणि झडप पुन्हा बसते. जगातला हा पहिला सेफ्टी व्हॉल्व्ह मानला जातो. आपल्या कुकरवरची शिट्टी त्याच घराण्यातली.

१२ एप्रिल १६८२ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या काही सदस्यांना या यंत्रात शिजवलेल्या मांसा-माशांची मेजवानी मिळाली. जॉन एव्हलिन या सदस्याने आपल्या रोजनिशीत तिचं वर्णन केलं आहे. गाय-मेंढीची कठीण हाडं चीजसारखी मऊ झाली याचं त्याला नवल वाटलं. एवढ्या कामाला आठ औंसांहूनही कमी कोळसा लागल्याचंही तो आवर्जून नोंदवतो. आठ औंस म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. इंधनाची बचत हा गुण अशा प्रकारे पहिल्याच जेवणात ठरून गेला.

तरीही पुढची दोन शतकं हे भांडं घराघरांत गेलं नाही. ते जड होतं आणि महाग होतं. झडप, वजन, झाकणाचा सांधा हे सगळं रोज तपासणार कोण, हाही प्रश्न होताच. कोंडलेल्या वाफेची कल्पना मग कारखान्यांकडे वळली. १६९० साली पापँनेच नळकांड्यात दट्ट्या हलवणाऱ्या वाफयंत्राची कल्पना मांडली. पुढे बॉयलर आले, ते फुटू लागले आणि त्यांच्यासाठी कायदे झाले. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा आला. पाच गॅलनांहून म्हणजे सुमारे २२.७५ लिटरहून मोठ्या, वाफ तयार करणाऱ्या बंद भांड्याला नोंदणी आली, सरकारी तपासणी आली, ते चालवणाऱ्याला प्रमाणपत्र आलं. घरातला तीन किंवा पाच लिटरचा कुकर या कायद्याच्या कक्षेत येण्याचा प्रश्नच नव्हता. घरी नोंदणी नव्हती आणि तपासनीसही नव्हता. कारखान्यात ज्या कामासाठी प्रशिक्षित माणूस नेमावा लागतो, ते काम घरात गृहिणीकडे आलं, आणि तेही बाकीचा स्वयंपाक सांभाळून.

दाबाआधीचा कुकर

भारतात 'कुकर' हा शब्द प्रेशर कुकरच्या आधी पोचला होता. १९१० साली कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मलिक यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. मोठा उभा डबा, त्यात एकावर एक ठेवलेली जेवणाच्या डब्यासारखी भांडी आणि खाली कोळशाची छोटी शेगडी. त्यात वाफ होती, पण ती कोंडलेली नव्हती. तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नसे. अन्न सावकाश शिजे, करपत नसे, आणि शेगडी पेटवून माणूस आपल्या कामाला जाऊ शके. विद्यार्थी, प्रवासी आणि एकटे राहणारे नोकरदार यांची मोठी सोय झाली.

या कुकरची आठवण पुढे आपल्या प्रेशर कुकरमध्ये दिसते. मराठी घरात कुकर लावतात तेव्हा तळाला थोडं पाणी, त्यावर जाळी, जाळीवर डाळीचा डबा, त्यावर तांदळाचा डबा, कधी सर्वांत वर बटाटे किंवा भोपळ्याच्या फोडी अशी उतरंड असते. कुकरचं पातेलं अन्नाचं नसतं, वाफेचं असतं. अन्न डब्यांत शिजतं. म्हणूनच वरण आणि भात एकाच आचेवर, एकाच वेळी, एकमेकांना न शिवता तयार होतात. वरण-भात हे रोजचं जेवण असणाऱ्या समाजाला ही रचना इतकी मानवली, की 'कुकर लावणे' याचा अर्थच 'वरण-भात शिजत ठेवणे' असा झाला. आधण, वैरणे, वेळणे हे शब्द हळूहळू मागे पडले.

कल्हईचा हिशोब

कुकरच्या आधी भांड्यांची निगा राखावी लागत नसे, असं नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई लागे. ती उडाली आणि त्या भांड्यात ताक किंवा चिंच-कोकमाची आमटी राहिली, तर पदार्थ कळके. धातूची चव आणि हिरवट छटा त्याला येई. असं अन्न बाधतंही. म्हणून गल्लीत कल्हईवाला आला की भाता, कथील, नवसागर आणि काळवंडलेली पातेली यांची मैफल जमे. भांडं कधी कल्हईला द्यायचं हे बाई आत डोकावून ठरवी. धोका डोळ्यांना दिसत होता, आणि तो दूर करणारा कारागीर दाराशी येत होता.

ॲल्युमिनिअमने हा हिशोब बदलला. १८९८ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनिअमची भांडी करायला सुरुवात केली, आणि पुढे हा धातू देशभर पसरला. तो हलका, स्वस्त आणि लवकर तापणारा होता. मुख्य म्हणजे त्याला कल्हई लागत नव्हती. प्रेशर कुकर पुढे याच धातूचा झाला. जुन्या वळणाच्या घरांत मात्र त्याला सहज प्रवेश मिळाला नाही. आमच्या घरी कितीतरी वर्षं रोजचा भात कुकरमध्ये आणि नैवेद्याचा भात पितळी पातेल्यात शिजे. ॲल्युमिनिअम आणि रबर या दोन्ही वस्तू सोवळ्यात बसत नव्हत्या.

१९५९

घरगुती वापराचा आधुनिक प्रेशर कुकर अमेरिकेत रुजला. १९३८ साली आल्फ्रेड व्हिशर यांचा 'फ्लेक्स-सील' कुकर आला, तर १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात 'प्रेस्टो' कुकर लोकांनी पाहिला. लगेच महायुद्ध सुरू झालं आणि ॲल्युमिनिअम विमानांकडे गेलं. युद्धानंतर कुकरना मोठी मागणी आली आणि घाईघाईने काढलेला निकृष्ट मालही बाजारात घुसला. स्फोटांच्या कथा पसरल्या. अनेक अमेरिकी घरांतून कुकर माळ्यावर गेला.

भारतात तो नेमका त्यानंतर आला. आधी आयात झाला. मग १९५९ साली मद्रासच्या टीटीके समूहाने बंगलोरला 'प्रेस्टिज' कुकरचं उत्पादन सुरू केलं आणि त्याच वर्षी मुंबईत एच. डी. वासुदेव यांनी 'हॉकिन्स'ची कंपनी स्थापन केली. दोन्ही नावं ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्यातून आलेली. हॉकिन्सचा कारखाना ठाण्यात उभा राहिला. चार वर्षं आधी, १९५५ साली, बर्मा-शेलने मुंबईत घरगुती गॅस द्यायला सुरुवात केली होती. आच एका बोटाने कमी-जास्त करता येणं आणि भांडं बंद असणं या दोन गोष्टी एकाच दशकात मुंबईच्या ओट्यावर एकत्र आल्या.

या दोन कंपन्यांच्या झाकणांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. एकाचं झाकण बाहेरून बसतं आणि त्याचे दाते पातेल्याच्या कडेत अडकतात. दुसऱ्याचं लंबगोल झाकण आत सरकवून वर ओढतात. आतल्या वाफेचा दाबच त्याला कडेवर दाबून धरतो, आणि दाब असेपर्यंत ते निघू शकत नाही. घराघरांत 'बाहेरच्या झाकणाचा' आणि 'आतल्या झाकणाचा' असे दोन पक्ष पडले, ते आजही आहेत. सासरचं झाकण माहेरच्या झाकणापेक्षा वेगळं असलं, की नव्या सुनेला पहिले काही दिवस मनगट वळवायला नव्याने शिकावं लागे.

तीन क्विंटलचं झाकण

निगेचा अर्थ कळण्यासाठी थोडं गणित हवं. उघड्या भांड्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त दाब असतो. त्या दाबाखाली पाण्याचं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिजण्याची रासायनिक क्रिया स्थूलमानाने दुप्पट वेगाने होते, असा ठोकताळा आहे. वीस अंशांची वाढ म्हणजे साधारण चौपट वेग.

आता याची दुसरी बाजू. कुकरचं तोंड २० सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे पूर्ण दाब असताना झाकणावर आतून ३१४ किलोंचा, तीन क्विंटलांहून जास्त जोर असतो. दाबाचा दहावा हिस्सा उरला तरी तो तीस किलोंच्या वर भरतो. 'कुकर पडू दे, मग उघड' या घरगुती सूचनेमागे एवढं वजन आहे.

हे वजन सांभाळतात तीन लहान वस्तू. पहिली शिट्टी. वाफेचं भोक एक चौरस सेंटिमीटरच्या अकराव्या हिश्श्याएवढं असेल, तर एक किलो दाब रोखायला त्यावर सुमारे नव्वद ग्रॅम वजन पुरतं. शिट्टी म्हणजे हे मोजून केलेलं वजन. हरवलेल्या शिट्टीच्या जागी दुसऱ्या कुकरची जड शिट्टी बसवली, तर आतला दाब त्या प्रमाणात वाढतो. दुसरी वस्तू सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीचं भोक डाळीच्या फेसाने किंवा सालपटाने तुंबलं, किंवा तळातलं पाणी संपून कुकर कोरडा तापला, तर यातला ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तिसरी वस्तू रबर. झाकण आणि पातेलं यांच्यामधली फट ते बुजवतं. उष्णता आणि तेलकटपणा यांनी ते कडक होतं, चिरतं, सैल पडतं. या तिन्ही वस्तू झिजणाऱ्या आहेत. पातेलं तीस वर्षं टिकतं, त्याची सुरक्षितता मात्र दर काही महिन्यांनी नव्याने मिळवावी लागते.

शिट्टीचं घड्याळ

कुकरच्या माहितीपुस्तिका वेळ मिनिटांत सांगतात. पहिली शिट्टी झाली, म्हणजे पूर्ण दाब आला, की आच मंद करायची आणि तिथून मिनिटं मोजायची. आपल्या घरांनी ही सूचना वाचली आणि बाजूला ठेवली. आपण शिट्ट्या मोजू लागलो. वरणाला तीन, राजम्याला सात-आठ, बटाट्यांना दोन.

शास्त्राच्या दृष्टीने शिट्टी हे कच्चं घड्याळ आहे. आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात, पण डाळ तेवढी शिजलेली नसते. शिवाय प्रत्येक शिट्टीबरोबर वाफ आणि इंधन बाहेर जातं. तरीही हे घड्याळ टिकलं, त्याला कारण आहे. स्वयंपाकघरात घड्याळ असेलच असं नव्हतं. असलं तरी कणीक भिजवणाऱ्या, मुलाची वेणी घालणाऱ्या, पाणी जाण्याआधी पिंपं भरणाऱ्या बाईला त्याकडे पाहत बसायला उसंत नव्हती. शिट्टी दुसऱ्या खोलीतही ऐकू येई. शीत बोटांत दाबून मिळणारी खात्री आता कानातून मिळू लागली. 'आपल्या कुकरला वरणाला किती?' हा प्रश्न नवी सून सासूला विचारी, कारण उत्तर घराघराला वेगळं असे. शेगडी, कुकर, पाणी, डाळीचा जुनेपणा या सगळ्यांचा मेळ त्या एका आकड्यात बसवलेला असे. अनुभवाने केलेलं ते मोजमाप होतं. ते कुठल्याही पुस्तिकेत मिळणारं नव्हतं.

इंधनटंचाईने हे घड्याळ घट्ट रुजवलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर रॉकेलची रांग आणि गॅसची प्रतीक्षायादी हे मध्यमवर्गाचं रोजचं बोलणं झालं. १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली. इंधन वाचवण्याच्या तिच्या प्रचारात कुकरचा सल्ला ठळक होता. दूरदर्शनच्या काळात एका कंपनीच्या गाजलेल्या हिंदी जाहिरातीने नवऱ्यांनाच कोंडीत पकडलं. बायकोवर प्रेम असेल तर या कुकरला नकार कसा देणार, असा तिचा रोख होता. कुकर घेण्याचा निर्णय नवऱ्याचा आणि तो सांभाळण्याचं काम बायकोचं, ही विभागणी त्या एका ओळीत नकळत मांडली गेली होती.

भीती आणि बनावट व्हॉल्व्ह

कुकर ज्या ओट्यावर आला, तिथे आगीची भीती आधीपासून होती. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' हा मथळा सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या वर्तमानपत्रांत इतका नेहमीचा झाला होता, की त्यातले सगळे भडके अपघाती नसतात हे उघड करायला स्त्री-संघटनांना रस्त्यावर यावं लागलं. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं कलम ३०४-ब आलं. त्या मथळ्यांनी एक सवय मात्र लावून ठेवली होती. स्वयंपाकघरात बाई भाजली, तर दोष वस्तूचा किंवा तिच्या हलगर्जीपणाचा. कुकर फुटल्याच्या बातमीलाही हीच सवय लागू झाली. 'व्हॉल्व्ह नीट लावला नसेल', 'रबर बदललं नसेल' असं शेजारी म्हणत.

प्रत्यक्षात बाईने रबर बदललेलं असे, व्हॉल्व्हही बदललेला असे. बाजारातून आणलेला तो सुटा भागच खोटा असे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी उत्तर भारतात प्रेस्टिजचे कुकर फुटल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा टीटीकेचे टी. टी. जगन्नाथन यांना शोध घेताना हेच आढळलं. मूळ व्हॉल्व्हसारखे दिसणारे, पण वेळेवर न वितळणारे बनावट व्हॉल्व्ह दुकानांत सर्रास विकले जात होते. त्यावर त्यांनी काढलेली युक्ती साधी आणि हुशारीची होती. झाकणाच्या कडेला एक खाच ठेवली. शिट्टी तुंबली आणि व्हॉल्व्हही निकामी ठरला, तर वाढलेला दाब रबरालाच त्या खाचेतून बाहेर ढकलतो आणि वाफ कडेने निघून जाते. या युक्तीचं विशेष असं, की ती बनवणाऱ्याने वापरणारीवर दोष न टाकता तिच्या वतीने धोका आधीच गृहीत धरला होता.

सरकारी मानकं होती. घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आहे आणि आयएसआय चिन्ह ग्राहकाच्या ओळखीचं आहे. पण हे चिन्ह घरगुती कुकरवर सक्तीचं करणारा केंद्र सरकारचा गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला २०२० साली आणि तो १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. १९५९ पासून मोजलं तर साठ वर्षांहून जास्त काळ गेला. एवढा काळ खऱ्या-खोट्याची पारख बहुतांशी घरातच होत राहिली.

हातात असलेलं शास्त्र

ही पारख कशी होत होती, याचे तपशील मला बायकांच्या बोलण्यात मिळाले. आजच्या कुठल्याही चांगल्या माहितीपुस्तिकेशी ते जुळतात. झाकण लावण्याआधी ते उजेडासमोर धरून वाफेच्या नळीतून आरपार पाहायचं. उजेड दिसला नाही तर सुईने किंवा फुंकर मारून ती मोकळी करायची. डाळ आणि तांदूळ फुगतात, म्हणून थेट कुकरमध्ये शिजवताना अर्ध्याच्या वर भरायचं नाही, आणि इतर काही असलं तरी दोन-तृतीयांशाच्या वर नाही. डाळीत चमचाभर तेल घालायचं, म्हणजे फेस कमी येतो आणि नळी तुंबत नाही. तळातलं पाणी विसरायचं नाही. आतून कुकर काळा पडू नये म्हणून त्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटुक टाकायचं. आंबट पदार्थ कुकरमध्ये रात्रभर ठेवायचा नाही, कारण ॲल्युमिनिअमला खड्डे पडतात. कळकण्याची जुनी धास्ती इथे नव्या धातूच्या कामी आली. रबर रोज काढून, धुऊन, पुसून ठेवायचं. सैल पडलं तर थोडा वेळ गार पाण्यात किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवलं की ते आक्रसतं, पण ही तात्पुरती मलमपट्टी. कडेने वाफ येऊ लागली आणि शिट्टी होईनाशी झाली, की नवं रबर आणायचं. ते घेताना कंपनीचं नाव आणि कुकरचं माप सांगून घ्यायचं.

काही युक्त्या मात्र सोडून द्यायला हव्या होत्या आणि सुटल्याही. दाब लवकर उतरावा म्हणून शिट्टी चमच्याने उचलणं ही त्यातली एक. पातळ किंवा फेसाळ पदार्थ असेल तर वाफेबरोबर गरम अन्न उसळतं. झाकणाला कणीक लावून फट बुजवणं ही दुसरी. दम देताना किंवा उकडीच्या भांड्याला कणकेचं लिंपण चालतं, कारण तिथे दाब नसतो. कोंडलेल्या वाफेपुढे कणीक टिकत नाही.

या ज्ञानाला साथ होती दुरुस्तीवाल्याची. कल्हईवाला दिसेनासा होत गेला आणि त्याच गल्लीत 'कुकर, मिक्सर, गॅस दुरुस्त' अशी हाळी देणारा आला. त्याच्या पेटीत निरनिराळ्या कुकरांची रबरं, दांड्यांचे स्क्रू, व्हॉल्व्ह आणि शिट्ट्या असत. कल्हई करताना बाई समोर बसून चमक पाहू शकत होती. व्हॉल्व्ह खरा की खोटा हे पाहून कळत नव्हतं. म्हणून कुणाकडून घ्यायचा, हे शेजारणी एकमेकींना सांगत. हमीपत्राची जागा या सांगण्याने घेतली होती.

पुन्हा मंद वाफेकडे

कुकरच्या इतिहासाची एक शाखा महाराष्ट्रात मागे वळून इकमिककडे गेली. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली शेतातल्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचं तंत्र विकसित केलं. त्यासाठी संस्थेला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. या कोळशाच्या कांड्यांवर चालणारा 'सराई कुकर'ही संस्थेने काढला. सुमारे शंभर ग्रॅम कोळशात पाच जणांच्या कुटुंबाचा वरण-भात त्यात वाफेवर शिजतो. यात कोंडलेला दाब नाही. त्यामुळे शिट्टी नाही आणि व्हॉल्व्हही नाही. एव्हलिनने कौतुकाने नोंदवलेल्या आठ औंसांच्या निम्म्याहून कमी कोळशात हे काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. दाबाने वेळ वाचतो आणि त्याची किंमत निगेत मोजावी लागते, हे या दोन कुकरांची तुलना केली की स्पष्ट दिसतं.

निगेचा इतिहास लिहिणं अवघड आहे, कारण ती केलेली दिसत नाही. न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातल्या कितीतरी वस्तू जपलेल्या आहेत. उद्या एखाद्या दालनात साठच्या दशकातला प्रेशर कुकरही मांडता येईल. पण त्याचं रबर तोवर चिरलेलं असेल. शिट्टी बहुधा दुसऱ्या कुकरची असेल. रोज सकाळी ते झाकण उजेडासमोर धरून नळीतून पाहणाऱ्या डोळ्यांची नोंद तर कुठल्याच पाटीवर नसेल. म्हणून वाचकांना एक विनंती करते. घरातल्या जुन्या कुकरची माहितीपुस्तिका कपाटाच्या तळाशी असेल, तर ती टाकू नका. तिच्या समासात कुणी 'मसूर २, चणे ८' असं पेन्सिलीने लिहिलेलं असेल, तर ते कुणी लिहिलं हे ती व्यक्ती आहे तोवर विचारून घ्या आणि तिचं नाव त्याच पानावर लिहून ठेवा.